नमुना क्रमांक चौदा

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! तबेल्यातली प्रयोगशाळा म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, एक फ्रीज आणि एक खुर्ची, तीही लंगडी. पण माझी हो! काम सरळ आहे. घोड्यांना येणारा हा नवा ताप माणसाला लागतो का, ते तपासायचं. बारा घोडे आणि त्यांची निगा राखणारे म्हातारे मोतद्दारकाका, म्हणजे तेरा जणांचं रक्त मुख्य प्रयोगशाळेला पाठवायचं. अर्जात दोनच रकाने: घोडा, मोतद्दार. काका म्हणाले, आधी घोड्याच्या नाकपुडीत हळूच फुंकर घाला, ओळख पटली की सुई टोचू देतो. मास्क खाली करून घातली. काय शहाणं जनावर, जागचं हललं नाही!

९, रविवार
सहा वर्षांच्या लेकीला, पिल्लूला, तबेला दाखवला. पांढऱ्या घोडीला ताप नव्हता, मी स्वतः पाहिला होता. पिल्लूने तिच्या नाकात फुंकर घातली आणि खिदळत सुटली. काका म्हणाले, पोरगी माझी नोकरी घालवणार.

११
तेराही नमुने परत! का, तर शिक्का निळ्याऐवजी काळा. डोकंच फिरलं. फोन केला तर साहेब जेवायला गेलेत. सकाळी साडेदहाला!

१३
पुन्हा परत. अर्ज जुना म्हणे. यांनीच दिलेला! पांढरी घोडी कालपासून भिंतीला कपाळ टेकवून उभी आहे. दोघांनी ओढलं तरी हलत नाही.

१५
घोडी गेली. काका आले नाहीत. त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं, सासरे तापाने फणफणलेत आणि पहाटेपासून भिंतीला कपाळ लावून— मी पुढचं ऐकलंच नाही.

१६
पिल्लूला ताप. एकशे तीन. मी तिला तिथे का नेलं? मला काहीच का होत नाही? डॉक्टर म्हणतात, आधी तपासणीचा निकाल आणा, मग औषध ठरवू. नमुना क्रमांक चौदा. मोतद्दाराच्या रकान्यात भरला, माणसासाठी दुसरा रकानाच नाही. शिक्का निळा, अर्ज नवा. स्वतः नेऊन दिला.

१८
परत आला. शेरा: मोतद्दाराचं वय सहा असू शकत नाही, दुरुस्त करून पाठवा.
मेल्यांनो, माझी लेक आहे ती—

दुपार
पलंगावर नाही. स्वयंपाकघरात. भिंतीशी उभी—
हाक मारतेय. पिल्लू, इकडे बघ, आई आहे— ओढतेय, हलत नाही, एवढीशी पोर, तरी हल—