यांची उरलेली भाषा

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१८ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप भामाताईस, धाकट्या रेणूचा नमस्कार.

यांची तब्येत सुधारते आहे, काळजी करू नकोस. एसटीडी बूथवरून फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून रडू आलं असतं, म्हणून पत्र. तुझे गुडघे कसे आहेत?

अर्धांगाच्या झटक्यानंतर यांचे शब्द हरवले, हे तुला ठाऊकच आहे. पाणी हवं असलं की "छत्री" म्हणतात, आणि मला कळलं नाही की रागावतात. माझं बोलणंही त्यांना उमजत नाही. "हात वर करा" म्हटलं तर नुसते बघत राहतात. आमचं बोलणं कायमचं संपलं, असंच मी धरून चालले होते.

परवा कोर्टातले जुने मुन्शी गफूरसाहेब आले. दारातूनच म्हणाले, "आदाब वकीलसाब, मिजाज कैसे हैं?"

हे सावरून बसले. "शुक्र है. तशरीफ रखिए."

गफूरसाहेबांनी "हाथ उठाइए" म्हणताच यांनी डावा हात वर केला. डॉक्टर म्हणतात, क्वचित असं होतं. आईची भाषा गेली आणि निजामाच्या काळातल्या शाळेतली उर्दू उरली. देवाने माणसाच्या डोक्यात किती खोल्या केल्या असतील, ताई.

मी कॉन्व्हेंटची, माझी उर्दू भाजीवाल्यापुरती. आता गफूरसाहेबांकडून रोज दोन वाक्यं शिकते. काल कप पुढे करून म्हटलं, "चाय लीजिए."

"शुक्रिया, बेगम," हे म्हणाले.

अडतीस वर्षांत यांनी माझे कधी आभार मानले नव्हते. आज मी तीनदा चहा केला.

तुझीच,
रेणू