वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही

चि. भिंगरीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू खुशाल आहेस, ताईचे गुडघे कुरकुरतायत पण तोंड ठणठणीत चाललंय, आणि जावईबापू (लग्नाला अजून पाच आठवडे आहेत हे मला ठाऊक आहे, पण जिभेला सवय लावून घेतोय) शाळेतल्या पोरांची चित्रं तपासून तपासून मेटाकुटीला आलेत, हे सगळं वाचून बरं वाटलं. इकडे माझी तब्येत उत्तम. तुझ्या मामीचं मात्र डोळ्यांचं चाललंय. डावा डोळा गेल्या वर्षी रजेवर गेला तो परत हजर झालाच नाही, आणि उजव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात अठरा तारखेला ठरलंय. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, नाहीतर आहे तेवढंही जाईल, आत्ताच काही सांगता येत नाही. मामी म्हणते, निम्मं आयुष्य तुझ्या मामाचं तोंड बघण्यात गेलं, आता जरा सुटका झाली तर काय वाईट. ती असं बोलली की मी हसतो आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसतो. भीती वाटते गं. पण ते असो.

तू मधुचंद्राचा बेत लिहून पाठवलास आणि खर्च कुठे कमी करता येईल ते मामा म्हणून सांग म्हणालीस. म्हणजे तुला अजून माझ्या अकलेवर भरवसा आहे (तुझ्या आईला नाही, तिला हे पत्र दाखवू नकोस). बेत तीनदा वाचला. पुढच्या महिन्यात बारा ते पंधरा, आम्ही लग्नानंतर गेलो होतो तेच समुद्रकाठचं छोटं शहर, आणि अगदी पाण्यासमोरच्या लॉजमध्ये तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. बाकी सगळं ठीक आहे, पण त्या खोलीचा तू फेरविचार करावास असं मी आपुलकीने आणि पाणीपुरवठा खात्यातल्या तेहेतीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. एक तर तिसरा मजला. सामान घेऊन जिने चढताना नव्या संसाराचा उत्साह पहिल्याच दिवशी संपतो. दुसरं म्हणजे खारा वारा, त्याने कपडे चिकट होतात. आणि समुद्र रात्रभर आवाज करतो, त्याला कुणी गप्प बस म्हणू शकत नाही. त्यापेक्षा बाजारामागच्या गल्लीत उत्तम स्वस्त खोल्या मिळतात. आम्ही तिथेच उतरलो होतो, आणि आमचं काहीही अडलं नाही.

आता आमची हकिकत तू तुकड्यातुकड्याने ऐकली आहेस, पण तुझ्या आईकडून, म्हणजे मीठमसाला लावून. खरी गोष्ट अशी. अडतीस वर्षांपूर्वी मी खात्यात नवा नवा निरीक्षक होतो. लग्न ठरलं, चार दिवसांची रजा मंजूर झाली, आणि कुठे जायचं, कुठे उतरायचं याचा बेत करायला बसलो. दुसरा कुणी असता तर त्याने चार मित्रांना विचारलं असतं. मी त्या शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयाला रीतसर पत्र लिहिलं. वर विषय घातला, 'नवविवाहित दांपत्याच्या चार दिवसांच्या वास्तव्याकरिता पाण्याचा दाब समाधानकारक असलेल्या निवासस्थानाबाबत'. खाली सही, हुद्दा, तारीख. (तू हसतेस, पण ज्याने रोज शंभर लोकांच्या नळाच्या तक्रारी ऐकल्यात त्याला विचार, माणसाला सुखाला काय लागतं ते.) आठ दिवसांत उत्तर आलं, जावक क्रमांकासह, आणि सोबत अख्ख्या शहराच्या पाइपलाइनचा नकाशा. तिथल्या निरीक्षकाने बाजारामागच्या एका लॉजभोवती लाल पेन्सिलने गोल काढला होता. शहरातला सगळ्यात सखल भाग, मुख्य लाइनच्या अगदी तोंडाशी. मला इतका आनंद झाला की तो नकाशा मी साखरपुड्यात तुझ्या मामीला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, यात समुद्र कुठंय? नकाशात समुद्र नव्हता. पाइपलाइन जिथे संपते तिथे नकाशाही संपला होता.

स्टेशनवर तो लाल पेन्सिलवाला निरीक्षक स्वतः घ्यायला आला होता, हातात हार नाही, दाब मोजायचं यंत्र. खोलीत शिरल्या शिरल्या आम्ही दोघांनी नळ सोडला आणि घड्याळ लावलं. बादली एकवीस सेकंदांत भरली. एकवीस! मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. तुझी मामी नव्या साडीत, पलंगाच्या कडेला, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. खिडकी उघडली तर समोर बर्फाच्या कारखान्याची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. दिवसभर त्या भिंतीपलीकडून घरघर यायची आणि मधूनच बर्फाची लादी आपटल्याचा आवाज. मामीने पहिल्यांदा दचकून माझा हात धरला तो त्या आवाजाने, त्यामुळे त्या कारखान्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकसाहेबांनी आम्हाला शहरातलं बघण्यासारखं दाखवायचं ठरवलं आणि पंपघरात नेलं. तीन तास. मामीने सगळे पंप बघितले, कुठला कितीला आणला ते ऐकलं, तिथल्या वहीत अभिप्रायही लिहिला ('स्वच्छता चांगली आहे'). ती किती गुणाची आहे हे मला त्या दिवशी कळलं, पण सांगायचं राहून गेलं. तेव्हा आपण धरून चालतो की बायकोला आपोआप कळतं. घरी आल्यावर तिने सासरच्या सगळ्यांना विचारताक्षणी सांगितलं, समुद्राचं काय एवढं, खारं पाणीच ते, मला तर खोलीच फार आवडली. तेव्हापासून आजतागायत हेच सांगत आली.

समुद्रावर आम्ही गेलो एकदाच, आदल्या संध्याकाळी, म्हणजे पोचलो त्याच दिवशी. चालत पंचवीस मिनिटं, त्यामुळे जाईपर्यंत उजेड सरत आला होता. वाळूत चपला हातात घेऊन उभे राहिलो. मी तिला सांगत होतो की एवढं पाणी असून शहराला प्यायला बाहेरून आणावं लागतं, ही केवढी अडचण. ती मात्र समुद्राकडे पाठ करून किनाऱ्यावरच्या लॉजकडे बघत होती. वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यातल्या खिडकीत दिवा लागला होता. ती म्हणाली, तिथल्या माणसांना झोपल्या झोपल्या समुद्र दिसत असेल, नाही? आणि मी म्हणालो, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही.

एवढंच. तीही 'खरंय' म्हणाली आणि आम्ही परत आलो. भांडण नाही, रुसवा नाही. पण भिंगरे, हल्ली दुपारी ती खिडकीशी बसून एका डोळ्याने रस्ता बघत असते, आणि मला ते वाक्य आठवतं. इतक्या वर्षांत लोकांच्या नळांना पाणी आणलं, पण जिने एकदाच काहीतरी मागितलं, तिला मी खात्याचं उत्तर दिलं. तिने ते मागणं होतं असंसुद्धा कधी म्हटलं नाही. नको ते वय असतं बघ ते, सगळं माहीत असतं आणि काही कळत नसतं.

तर मुद्दा असा की तू ती वरची खोली सोडावीस आणि बाजारामागे उतरावंस. पैसे वाचतील. जावईबापूंना बर्फाच्या कारखान्याचं चित्र काढता येईल. ताईला नमस्कार, तिच्या गुडघ्यांना तेल, आणि तुम्हा दोघांना आमच्या वाट्याचंही सुख मिळो.

तुझा, अजून स्वतःच्या हाताने लिहू शकणारा,
मामा

ता. क. खरं सांगूनच टाकतो. तुझं पत्र आल्यावर मी त्या लॉजला फोन केला. किनाऱ्यावर आता तेवढं एकच जुनं लॉज उरलंय. रंगकामासाठी बंद आहे, बाराला उघडेल. वरची एकच खोली तयार असेल, आणि ती बारा ते पंधरा तुमच्या नावावर. मामीला सोळाला सकाळीच दवाखान्यात दाखल करायचंय. मला ती खोली एका रात्रीसाठी हवी आहे. नव्या नवरानवरीकडे मागायची लाज वाटली म्हणून जिने, खारा वारा वगैरे लिहिलं. वाऱ्याने काही होत नाही. मामीला यातलं काही माहीत नाही.

ता. ता. क. भिंगरी, मी मामी. मोठ्या अक्षरात लिहिलेलं अजून दिसतं, आणि तुझा मामा चोरून लिहायला बसला की आणखीच मोठं लिहितो. पत्र टेबलावर ठेवून दूध आणायला गेलाय. दोन गोष्टी लिहिते.

पहिली, ती बादली एकवीस सेकंदांत भरली ती एकदाच. दुसऱ्या दिवशी पंपघरात ह्यांनी 'जरा बघू' म्हणून एक मोठा व्हॉल्व्ह फिरवला तो अडकला, आणि सखल भागातल्या सगळ्या गल्ल्यांचं पाणी आम्ही निघेपर्यंत बंद होतं. शेजारच्या कारखान्यातून बर्फ मागून आणायचा, तो वितळायची वाट बघायची आणि मग तोंड धुवायचं. हे त्यांनी लिहिलेलं दिसत नाही.

दुसरी. समुद्राचं काय एवढं, असं मी सगळ्यांना सांगत आले ते खोटं होतं. मला ती खिडकी हवी होती. अजून हवी आहे. पण खोली सोडू नका, ती तुमची आहे. फक्त तेरा तारखेला दुपारी तुम्ही दोघं बाहेर जेवायला जा, चांगलं सावकाश जेवा, आणि किल्ली खाली देऊन ठेवा. आम्ही सकाळच्या गाडीने येऊ. मी पलंगावर आडवी पडून बघणार आहे, जेवढं दिसेल तेवढं. ह्यांना खुर्ची पुरे.