पाठपिशवीतली पावाची शिडी

सान पेद्रो,
२ नोव्हेंबर

प्रिय बासिलियाताई,

तुला आणि आईला नमस्कार. तुझा गुडघा, आईचा खोकला आणि आपली लंगडी लामा (याच क्रमाने) सुधारत असतील असं धरून चालतो.

आईने दिलेलं सगळं घेऊन निघालो. "तिसऱ्या वर्षाचं, शेवटचं ताट आहे, फिदेन्सिओ. यानंतर निकासिओ यायचा नाही. धाकट्याला नीट निरोप दे," असं तिने सात वेळा बजावलं. पहिली दोन वर्षं मी का गेलो नाही, हे मात्र एकदाही विचारलं नाही (विचारलं असतं तर बरं झालं असतं).

उयुनीहून गाडी मिळाली ती पाठपिशवीवाल्या पोरापोरींची. तुझ्या लेकीच्या खाणावळीत कुणी परदेशी विसरून गेलेली पिशवी माझ्याही पाठीवर होती. तिला अठरा पट्टे, पैकी दोहोंचा उपयोग मला कळला. त्या घोळक्यात मी शाळेतून पळालेली मुलं पकडायला आलेला मास्तर दिसत होतो (मास्तर तर मी आहेच). सीमेवर कागद भरायचा होता: सोबत फळं, बिया, पानं आहेत का? मी बिनदिक्कत 'नाही' लिहिलं. सामान माझं कुठे होतं? निकासिओचं होतं! तपासणीच्या बाईंनाही तेच सांगितलं.

"मग त्यांना येऊन घेऊन जायला सांगा."

"ते सान पेद्रोतच असतात, पण बाहेर पडत नाहीत."

"का बरं?"

"स्मशानात असतात, बाई."

कोकाची पानं, किन्व्याचे दाणे, पीच, सगळं पिंपात गेलं, पण हलक्या हाताने टाकलं हो बाईंनी. पाव तेवढे सोडले. ते गाडीत एका धिप्पाड पोराने पिशवीवर बैठक मारून चुरडले. निकासिओने परत वर चढून जायची ती आईच्या हातची पावाची शिडीही त्यात गेली.

मेल्यावर तीनच वर्षं येणारे आत्मे, काल बाराला यायचे आणि आज बाराला परत जायचे, आणि मी काल पावणेबाराला गावात उतरलो. त्यातही एका सहलवाल्याने दंड धरला. उयुनीचं मिठागर दाखवतो म्हणाला. अरे बाबा, मी जन्मलोच तिथे, म्हटलं. "मग तर तुम्हाला नक्की आवडेल, काका!"

स्मशानाच्या वाटेवर माझ्यामागे आलेली गाडीतली पोरं एका मातीच्या भिंतीचे फोटो काढायला थांबली, फार प्राचीन म्हणून. ती निकासिओने सात वर्षांपूर्वी बांधली. त्याने पत्रात लिहिलं होतं, 'दादा, एकदा बघायला ये.' मी उत्तर पाठवलं नव्हतं.

ताटात पावाचा चुरा मांडला. धिप्पाड पोराने लाजत सार्डिनचा डबा ठेवला, बाकीच्यांनी बिस्किटं. मग प्रत्येकाने आपापल्या भाषेत प्रार्थना पुटपुटली. निकासिओला अक्षर कळलं नसेल, पण जिवंतपणी तरी तो आपलं कुणाचं ऐकायचा?

आज बाराला सगळ्यांनी आपापल्या माणसांना निरोप दिला. मीही हात हलवला.

तुझा भाऊ,
फिदेन्सिओ

ता. क. आईला सांग, ताट भरलेलं होतं आणि शिडीही लावली होती.

आणखी एक. प्रार्थना सांगणाऱ्या झेनोबिओबुवांना विचार, चौथ्या वर्षी ताट मांडलं तर चालतं का. शेजाऱ्यांसाठी विचारतेय असं भासव.

आणि हे फक्त तुला. शिडी मोडली नाही. माझ्या स्वेटरात गुंडाळलेली होती, एक पायरीसुद्धा हलली नाही. मी ती पिशवीतून काढलीच नाही. तीन वर्षांनी पहिल्यांदा भेटायला गेलो होतो, ताई. पहिल्याच भेटीत कुणाला शिडी दाखवतात का?