सीटवरचे रुमाल

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. (उजव्याची हकीकत तुझ्या चारपानी पत्रातून कळली. डाव्याचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून तो ठणठणीत आहे असं धरून चाललोय. तसं नसेल तर लगेच कळव.) इकडे सगळे मजेत. तुझी भाचेसून तुझी फार आठवण काढते, विशेषतः मी काही वेंधळेपणा केला की.

तर बातमी अशी, की एकोणीस वर्षं जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत काढल्यावर मला बढती मिळाली. नगरपालिकेने सार्वजनिक सायकली आणल्यात. साठ सायकली, सहा स्टँड. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, इथून घ्यायची, तिथे ठेवायची. आणि या सगळ्याचा प्रमुख तुझा भाचा! (जुनी खिडकी सुखाची होती गं. तिथली निम्मी माणसं तरी तक्रार घेऊन परत येत नसत.) साहेबांनी विचारलं, सायकलची आवड आहे ना? म्हटलं, लहानपणापासून. अट एकच. तीन महिन्यांत रोजच्या शंभर फेऱ्या झाल्या पाहिजेत, नाहीतर सायकली लिलावात आणि मी परत खिडकीत. खरं सांगू? मला परत जायचं नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला रस्त्यात थांबवून काहीतरी विचारतात आणि मला उत्तर येतं.

पहिल्या आठवड्यात मी मोठ्या हौसेने स्टँड बघायला गेलो, तर सगळ्या सायकली जागच्या जागी आणि प्रत्येक सीटवर रुमाल! आपल्या लोकांना बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सवय. त्यांनी सकाळी कामावर जाताजाताच संध्याकाळसाठी सायकल धरून ठेवलेली. कुलूप कुणी उघडलेलं नाही, पण रुमाल उचलायची कुणाची छातीही नाही. (या शहरात चपला चोरीला जातात, पण दुसऱ्याच्या रुमालाला कुणी हात लावत नाही. इतके आम्ही सज्जन.) रुमाल संपले तेव्हा टोप्या आल्या, पिशव्या आल्या, एकाने तर वीट ठेवली. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी शनिवारी येणाऱ्या जावयासाठी सोमवारीच मफलर बांधला होता. मी समजवायला गेलो, तर तासभर तेच मला समजावत होते. दिवसाच्या फेऱ्या किती, तर सात. त्यातल्या तीन मेकॅनिकच्या, ब्रेक लागतात का बघायला.

मी बढतीचे दिवस मोजायला लागलो होतो. अशात एके सकाळी रात्रपाळी संपवून निघालेल्या एक नर्सबाई स्टँडवर आल्या. पाय ठणकत होते, दहाही सायकली धरलेल्या. बाईंनी पोस्टमास्तरांच्या मफलरसकट दहाही रुमाल गोळा केले, एक सायकल काढली, पुलापलीकडच्या स्टँडवर गेल्या, तिथल्या तारेवर रुमाल ओळीने अडकवले आणि घरी जाऊन झोपल्या. इकडे रुमालांचे मालक माझ्या टेबलापुढे हजर, पोस्टमास्तर सर्वांत पुढे. कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, म्हटलं, रुमाल पुलापलीकडे आहेत (मेकॅनिकने तारेवर पाहिले होते), सायकली घ्या आणि घेऊन या. शिव्या देत गेले गं, आणि हसत आले! पोस्टमास्तर दीड तास आलेच नाहीत. मी घाबरून मेकॅनिकला शोधायला पाठवणार, एवढ्यात आले ते घंटी वाजवत. नदीकाठाने चक्कर मारून आले होते. डोळ्यांत पाणी होतं, म्हणाले वाऱ्याने. मग मी नियमच करून टाकला. सीटवर सापडलेला रुमाल पुढच्या स्टँडवर मिळेल. आज फेऱ्या ब्याण्णव झाल्यात, आत्या. लोक आता रुमालाने घाम पुसतात.

मीही रोज सायकलनेच ऑफिसला जातो. शेजारीपाजारी कौतुकाने बघत असतात.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि बढतीचं जरा मोठ्याने सांग.

तुझा भाचा,
साठ सायकलींचा प्रमुख

ता. क. पंधरा तारखेला तीन महिने पुरे होतात. त्या दिवशी साहेब स्वतः आकडा बघायला येणार. सकाळी पुलावरून सायकलफेरी काढायची ठरलीय, आणि सर्वांत पुढे योजनेचा प्रमुख असणार.

ता. क. २. मी सायकलने ऑफिसला जातो हे खोटं आहे. हाताने ढकलत नेतो. कुणी विचारलंच तर चाकाचा आवाज तपासतोय म्हणतो. घरातल्या अकरा पोरांना तू सायकल शिकवलीस, आणि बारावा रडत घरी पळाला तो मी. इतकी वर्षं झाकली मूठ होती, आता साऱ्या शहरापुढे उघडणार. म्हणून डाव्या गुडघ्याची चौकशी. चार दिवस येशील? शाळेमागचं मैदान सकाळी रिकामं असतं. तू पळू नकोस, नुसती मागून सीट धरून चाल. मागच्या वेळी तू ‘धरलंय, धरलंय’ म्हणत हात सोडलास आणि वळून बघितल्यावर मी पडलो. या वेळी वळून बघणार नाही. तू खुशाल सोड, फक्त मला सांगू नकोस.

ता. क. ३. सगळ्यात बुटकी सायकल स्टेशनसमोरच्या स्टँडवर आहे. मी ती शिकण्यासाठी धरून ठेवलीय. निळ्या काठाचा रुमाल माझा. नर्सबाईंच्या नजरेला पडायच्या आत ये.