नंबर कापलेली गाडी

दादा, तुमचा एक नियम मी मोडला. कापायला घेतलेली एक गाडी मी महिनाभर कापलीच न्हाई. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आता बापासारखं कोण रागावणार मला? पण आधी सांगून टाकलेलं बरं. काही घुमवून सांगायला लागले की तुम्ही म्हणायचे, "मुद्द्याचं बोल पोरी, गिऱ्हाईक उभं हाय." आज गिऱ्हाईक न्हाई. शुक्रवार हाय, आपले कटरवाले चाचा गॅसकटर बंद करून नमाजाला गेलेत, घरी जेवूनच येतील. यार्डात मी एकटीच, तुमच्याच लोखंडी टेबलाशी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून राह्यले.

धंदा तसाच हाय. पाटीवर अजून तुमचंच वाक्य हाय, 'जुन्या गाड्या रोख घेतो'. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस वाहून वाहून कंबर मोडलेले ट्रक येतात, भोकरदनला रोज अप-डाउन करून झिजलेल्या मास्तर लोकांच्या गाड्या येतात. तुम्ही घालून दिलेली रीतही तीच. मालकानं डॅशबोर्डवरचा देव काढून पिशवीत घ्यायचा, रोख घ्यायची आणि फाटकातून जाताना मागं वळून बघायचं न्हाई, मसणातून निघताना बघत न्हाईत तसं. पण त्याच्याही आधी गाडीचा चेसिस नंबर पत्र्यासकट कापून त्याच्या हातात ठेवायचा. तो तुकडा आरटीओत जमा झाला की गाडी कागदावर मेली, मंग तिचं काहीही करा. "आधी नंबर, मंग चहा," असं तुम्ही म्हणायचे. एकदा ओळखीच्या माणसाचा ट्रक नंबर न कापता ठेवून घेतला, कुणीतरी तो चोरून नेला आणि पोलीस आपल्या दारात आल्ते, तेव्हापासूनची ही रीत. माझ्या अंगात ती इतकी भिनली की गाडी फाटकातून आत आली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "चाचा, नंबर."

तुम्ही मला सगळं शिकवलं, हे नाकबूल करत न्हाई. आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि तुम्ही माझ्या ताटाशेजारी पार्ट मांडून बसायचे. हे पितळ का तांबं? हे ओतीव बीड का पोलाद? आई करवादायची, "अवो, पोरीला जेवू द्या की, का बेअरिंगच खाऊ घालता तिला!" दहावी पास झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, आणि मला तुम्ही जुन्या स्पीकरमधलं चुंबक दिलं, लाल फडक्यात बांधून. रंगाखाली पत्रा हाय का नुसतं पुटिंग भरलंय, ते त्यानं कळतं. मी नाक मुरडलं होतं. पण तेव्हापासून एकाही गाडीत मी फसले न्हाई, दादा, हेही खरं.

फक्त चालवायला शिकवलं न्हाई. बारावीत होते, एक पांढरी व्हॅन आल्ती. तुम्ही मालकाशी घासाघीस करण्यात गुंग, मी आत बसले आणि चावी फिरवली. गाडी गिअरमध्ये होती. धाडकन उडी मारून टायरांच्या ढिगात घुसली. कुणाला खरचटलंसुद्धा न्हाई. तुम्ही तरातरा आले, मला दंडाला धरून खाली ओढलं. "हितं गाड्या मरायला येतात, चालवायला न्हाई. परत स्टेरिंगला हात लावला तर हात तोडीन." हात तोडीन ही तुमची बोलायची तऱ्हा, तिचं मला काही वाटलं न्हाई. पण तो गाडीमालक फिदीफिदी हसला, आणि त्याच्यासोबत तुम्हीही हसले. ते लागलं. लई लागलं.

पुढच्याच वर्षी तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. माझं नाव डी.एड.च्या यादीत लागलं होतं, ट्रंकेत साड्या भरून झाल्या होत्या. तुम्ही खाटेवरून वाकड्या तोंडानं इतकंच म्हणाले, "एवढा सीझन बघ." मी बघितला. त्यानंतरचाही बघितला. सहा वर्षं तुम्ही खाटेवर आणि मी यार्डात. स्थळं आली ती भंगारवाली पोरगी म्हणून हात झटकून गेली. एक जण खरंच तयार होता, पण तो म्हणाला, यार्ड विकून टाकू. तुम्ही भिंतीकडं तोंड केलं. मीच त्याला नको म्हणून कळवलं. मंग तुम्ही गेले, मंग आई गेली. आता मी चव्वेचाळीसची हाय, केस पांढरे झाले, आणि तो सीझन काही संपला न्हाई.

गंमत अशी की सगळ्यांना वाटतं, हिला गाडी येतेच. का न्हाई वाटणार? मी नुसत्या आवाजावरून सांगते, रिंग-पिस्टन गेलंय. क्लच घसरतोय म्हणून भाव पाडते. दाढीमिशावाले ट्रकमालक माझ्यापुढं गप होतात. आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लावून मी रिक्षाची वाट बघत उभी राहते. ड्रायव्हिंग स्कूलला जावं म्हटलं तर ते शिकाऊ यलची पाटी लावलेल्या गाडीतून फिरवणार, अख्खा मंठा रोड बघणार. उद्या मंग कोण माझं ऐकून भाव कमी करील?

महिन्यामागं आमचे शाळेतले सर आले. पुढं बदली होऊन भोकरदनला पंचवीस वर्षं शिकवून रिटायर झाले, त्यांचीच लहानी गाडी द्यायला. मला ओळखलं. "अगं, तू अजून इथंच?" म्हणाले. बोलायचं म्हणून बोलले बिचारे, पण मला असं वाटलं की भर वर्गात उभं केलंय. ते चावी देत म्हणाले, "गाडी एकदम चालू आहे हं, फक्त आमची नजर अधू झाली. घे, एक फेरी मारून बघ." फेरी! मी इतकी घाबरले की त्यांच्याकडं न बघताच ओरडले, "चाचा, नंबर." चाचांनी बॉनेट उघडून नंबर कापला. सरांनी तो गरम तुकडा रुमालात गुंडाळला, देव पिशवीत घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी त्या गाडीत जाऊन बसले. का बसले ते विचारू नका. चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात चालू झाली, दादा. कुरकुर न्हाई, धूर न्हाई. चाचा धावत आले. मला वाटलं, तुमच्यासारखंच ओढून काढतात की काय. ते शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "आहिस्ता छोड बेटी. क्लच है, दुश्मन की गर्दन नै." तेव्हापासून रोज आम्ही यार्डात गोल फिरतो. टायरांच्या ढिगाला वळसा, इंजिनांच्या रांगेपासून वजनकाट्यापर्यंत, परत फिरून फाटक. पहिला गिअर, कधी दुसरा. तिसरा टाकायला जागाच न्हाई, तेवढ्यात भिंत येते. पण मी इतकी खूश होते की रात्री झोपेतही पाय हलायचा.

मंग डोक्यात किडा आला की हीच गाडी आपल्या नावावर करावी. लायसन काढू, रंग देऊ. मी सरांना फोन लावला, म्हटलं, सर, ती गाडी मीच ठेवून घेते, तो तुकडा परत द्या, काहीतरी करू. सर म्हणाले, "अगं, तो मी दुसऱ्याच दिवशी आरटीओत जमा केला. नोंदणी रद्द झाली. का, काही अडचण आहे का?" म्हटलं, न्हाई सर, बराबर केलं तुम्ही. फोन ठेवला आणि त्या उघड्या बॉनेटपुढं जाऊन उभी राह्यले. पत्र्याला तळहाताएवढं भोक. आयुष्यात एक गाडी मला पाहिजे होती, आणि ती मीच माझ्या तोंडानं मारली. कुणी सांगितलं न्हवतं, कुणाची जबरदस्ती न्हवती. मी त्या दिवशी ढसाढसा रडले, आणि चाचा पाठमोरे होऊन उगंच एक नट खोलत बसले.

आता आजचं सांगते. चाचा नमाजाला गेले तशी मी उठले आणि फाटक सताड उघडलं. कागदावर मेलेली गाडी, चालवणारी बाई बिनालायसनची. पोलिसानं धरलं असतं तर यार्डाला टाळंच लागलं असतं. तरी निघाले. मंठा रोडला लागले, दुसरा टाकला, आणि मंग तिसरा. दादा, तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा आवाजच बदलतो. इतक्या वर्षांत हजारदा ऐकलाय तो, पण आतून कधी न्हाई. मी एकटीच मोठ्यानं हसून राह्यले होते, खुळ्यासारखी. कापसाची एक गाडी ओलांडली, दोन गावं मागं टाकली. मंग धाप लागली म्हणून एका चहाच्या टपरीपाशी थांबवली. टपरीवाल्या म्हाताऱ्यानं चहा दिला आणि सहज विचारलं, "कुठं निघाल्या, ताई?"

साधा प्रश्न. मंठा म्हणायचं, परभणी म्हणायचं, कुठल्याही गावाचं नाव घ्यायचं. मी तोंड उघडलं आणि एक गाव आठवंना. तुम्ही अडवलं, भिंतीनं अडवलं, नंबरानं अडवलं, असं मी घोकत आले, आणि आज कुणी अडवायला न्हवतं तर मला जायला जागाच न्हाई! मी मागं बोट दाखवून म्हणाले, "यार्डावर." म्हातारा बोलला, "मंग गाडीचं तोंड उलटीकडं हाय की." मी गाडी वळवली.

चाचा येतीलच आता. ती कापा म्हणावं का राहू द्यावी, ते अजून ठरलं न्हाई. हा कागद कुठं टाकायचा तेही कळत न्हाई, तुमचा पत्ता कुणाला ठाऊक? टेबलाच्या खणात राहील. एवढंच सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय न्हाई: परत येताना लांबून आपलं फाटक दिसलं, तेव्हा मला बरं वाटलं.