नळीतून जाणाऱ्या आहाराच्या चवीबाबत

प्रति,
मा. विभागीय मान्यता अधिकारी,
वैद्यकीय आहार मान्यता कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : नाकातील नळीवाटे द्यावयाचा आहार 'बेचव' ठरवून नामंजूर केल्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : १) आपली तीन पत्रे. २) माझे चार अर्ज, जे बहुधा कोणी वाचलेले नाहीत.

महोदय,

मी डॉ. खुशनुमा वासिफ सिद्दीकी, राहणार उस्मानपुरा, व्यवसायाने अन्नशास्त्रज्ञ. ज्यांना गिळता येत नाही अशा रुग्णांसाठी मी मोड आणलेली ज्वारी, मूगडाळ आणि दूध पावडर यांचा एक पातळ आहार तयार केला आहे. तो पिशवीत भरून खाटेशेजारी टांगतात आणि नाकातल्या नळीने थेट पोटात सोडतात. घरी शिजवलेली पेज आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांत आंबते. माझा आहार नऊ तास टिकतो. एवढ्यासाठी चार वर्षे गेली, त्यांतले दोन मे महिने प्रयोगशाळेतला पंखा बंद ठेवून.

आपल्या त्रिसदस्यीय समितीने दि. १० फेब्रुवारी रोजी हा आहार चमच्याने चाखला आणि "फिका आहे, मीठ कमी" असा शेरा मारून नामंजूर केला. सोबत फरसाण मागवले होते, त्यामुळे तो अधिकच फिका लागला असावा. नळी जिभेवरून जात नाही हे मी नम्रपणे कळवले आणि आकृती काढून जोडली. आकृतीवर "पाहिले" अशी सही होऊन ती परत आली.

त्यानंतर आपण रुग्णांकडून चवीचा नमुना भरून मागितला. रुग्णास सांगता येत नसल्यास नातेवाइकाने सांगावे, अशी सवलतही उदार मनाने दिली. तात्पुरत्या परवानगीने चाललेल्या चाचणीतले एक रुग्ण फुलंब्रीचे कडुबा. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि गिळणे बंद झाले. 'चव कशी वाटली?' या प्रश्नापुढे त्यांच्या पत्नी रूपाबाई यांनी लिहिले, "ह्याच्यामुळं मला कामाला जाता येतंय." आपण तो नमुना "उत्तर विषयास धरून नाही" असा शेरा मारून परत पाठवलात. महोदय, या सबंध फाइलीत विषयास धरून असलेले ते एकच वाक्य आहे.

तिसऱ्या पत्रात आपण जिरे आणि हिरवी मिरची घालण्याचे सुचवले. आज्ञा शिरसावंद्य मानून मी तेही करून पाहिले. जिऱ्याची साले प्रयोगशाळेतल्या नळीत अठराव्या मिनिटाला अडकली. माणसाच्या नाकातल्या नळीत ते सोडून बघायची माझी हिंमत झाली नाही. आपल्या समितीत कोणाची असल्यास नाव कळवावे.

याच पत्रात आपल्या कार्यालयाने 'नऊ तास' खोडून 'नऊ महिने' अशी दुरुस्ती परस्पर केली आहे. मी फोन केला तेव्हा संबंधित लिपिक म्हणाले, "मॅडम, नऊ तासांसाठी कुणी चार वर्षं घालवतं का?" मी घालवते. पिशवीतला आहार नऊ महिन्यांनी कोणी पोटात सोडला तर काय होईल, हे शक्य असल्यास समितीने फरसाण बाजूला ठेवून वाचावे, म्हणून सोबत जोडले आहे.

आता नऊ तास कशाला, ते सांगते. रूपाबाई उस्मानपुऱ्यातल्या एका मेसमध्ये पोळ्या करतात. सकाळी सातच्या बसने निघतात आणि साडेतीनला घरी पोचतात. कडुबांना चुलीशी उभे राहता येत नाही, पण टांगलेल्या पिशवीची कळ डाव्या हाताने फिरवता येते. सात ते साडेतीन म्हणजे साडेआठ तास झाले. वरचा अर्धा तास मी बसच्या उशिरासाठी ठेवला आहे. माझे सगळे संशोधन एवढेच आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

चाचणीची परवानगी ३१ मार्चला संपली. तेव्हापासून रूपाबाई दर तीन तासांनी पेज शिजवत घरी बसल्या आहेत. मेसवाल्यांनी निरोप दिला आहे, "सोमवारपर्यंत बघतो, मग दुसरी बाई लावतो." मला संताप आला आहे, याची नोंद घ्यावी.

तरी विनंती की, शुक्रवारी समितीची बैठक बोलवावी आणि तिन्ही सदस्यांनी हा आहार ज्या वाटेने द्यावयाचा आहे त्याच वाटेने, म्हणजे नाकात नळी घालून, घ्यावा. नळी घालणारी परिचारिका मी घेऊन येते. फिका लागला तर मी अर्ज मागे घेईन. चव कळलीच नाही, तर नळी काढण्याआधी मान्यतेवर सही करावी, म्हणजे रूपाबाईंना सोमवारची सातची बस धरता येईल.

चार अर्जांपर्यंत आपली नम्र असलेली,

(डॉ. खुशनुमा वासिफ सिद्दीकी)
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) आकृती, पुन्हा एकदा, या वेळी जीभ लाल शाईने दाखवून.
२) शिळ्या आहारातील जंतूंचा तक्ता.
३) रूपाबाईंचा नमुना, आपण परत पाठवलेला. तो परत पाठवू नये.
४) नळ्या, नग तीन.