सिस्टरनं विचारलेला प्रश्न

आई, तू शेळीची धार काढत होतीस आणि मी पडेगावच्या घरापुढचं अंगण झाडत होते. पायाला गळू झालं म्हणून लष्कराच्या छावणीतल्या डॉक्टरांनी दिलेली पहिली गोळी मी नुकतीच चहाबरोबर घेतली होती. झाडता झाडता अंगभर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, श्वास कोंडला. धार तशीच टाकून तू मला पाठुंगळी घेतलंस आणि छावणीपर्यंत पळालीस. डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलिन हिला चालत नाही, जन्मभर लक्षात ठेवा." परतताना तू म्हणालीस, "ध्यानात ठेव, पण कुणाला सांगू नको. पोरीला औषध सोसत नाय म्हणलं की सोयरीक येत नाय." मी ह्यांनाही सांगितलं नाही. ते जाऊन सहा वर्षं झाली, लेकीलाही कधी बोलले नाही.

गेल्या आठवड्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाले. तुला वाचता येत नव्हतं. मी लेकीच्या पुस्तकांवरून शिकले, म्हणून फॉर्म माझा मीच वाचला. टाके पिकू नयेत म्हणून चिरा देण्याआधीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, असं त्यात होतं. खाली प्रश्न होता, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का. सिस्टरनंही तोच विचारला. लेकीची होणारी सासू तेव्हा उशाशी बसून संत्रं सोलत होती. "काय विचारता सिस्टर, आमच्या विहीणबाई ठणठणीत हायेत. तसंच घर बघून सोयरीक केली आम्ही," म्हणाली आणि हसली. साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. मी म्हणाले, "नाय." सिस्टरनं तसं लिहून घेतलं. मग ती बाई गावातल्या कुणाकुणाचं सांगत बसली आणि मी व्हय व्हय करत राहिले. खरं बोलावं तर लेकीचं लग्न मोडणार, गप्प बसावं तर ती सुई माझ्याच हातात जाणार. तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला पाठ होतं. त्याचाच राग आला. तुझ्यावर पहिल्यांदाच.

तुला हे पोचणार नाही म्हणून लिहिता येतंय. दुसऱ्या दिवशी सिस्टर सुई घेऊन आल्या, तेव्हा मी त्या बाईसमोरच सांगितलं. "मावशी, हे काल नाही का सांगायचं? औषध बदलता येतं, त्यासाठीच तर विचारतो," सिस्टर चिडून म्हणाल्या. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मी तिला म्हणाले, आईनं लपवायला सांगितलं होतं. चाळीस वर्षं मीच लपवलं, हे बोलले नाही.